वार्निशचं माहेर

लाकडी होडीवर दिलेला शेवटचा हात रंगीत असेल तर तो रंग, आरपार दिसणारा असेल तर वार्निश. फळ्या तासून, वाफेवर वाकवून, घासून बसवल्या आणि त्यांचे रेषे लोकांना दिसावेत अशी इच्छा असली, की दुसरा मार्ग उरत नाही. आपल्या कोकणातल्या मासेमारीच्या होडीला हा सोस परवडत नाही. तिच्या अंगावर निळा, केशरी, हिरवा असा ठसठशीत तेलरंग असतो आणि जुन्या पद्धतीत लाकूड टिकावं म्हणून काजूच्या टरफलाचं तेल. वार्निशची होडी ही हौसेची होडी. इंग्लंड-अमेरिकेत गॅरेजमध्ये सीडर लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून कॅनू बांधणारे लोक असतात. त्यांचं निम्मं आयुष्य होडी बांधण्यात जातं आणि निम्मं तिला वार्निश लावण्यात, अशी चेष्टा त्यांच्यातच चालते.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुकानाच्या पाटीवर तो ‘वॉर्निश’ असतो, सुताराच्या तोंडी ‘वारनिस’. तरी एखादा संस्कृताभिमानी भेटतोच, जो सांगतो की मुळात शब्द आपलाच, ‘वर्ण’मधून निघालेला. ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. इंग्रजी वार्निश, फ्रेंच वेर्नी, इटालियन वेर्नीचे, जर्मन फिर्निस ही सगळी भावंडं मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘वेर्निक्स’कडे बोट दाखवतात आणि तिथे या शब्दाचा अर्थ रंग असा नाहीच. तिथे तो एका सुवासिक राळेचं नाव आहे. शिवाय चांगल्या वार्निशने रंग द्यायचा नसतो, असलेला दाखवायचा असतो.

पण ‘वर्ण’वाल्यांना अगदी रिकाम्या हाताने परत पाठवायला नको. ‘वर्ण’ हा शब्द बहुतेक अभ्यासक ‘वृ’ म्हणजे झाकणे या धातूशी जोडतात. म्हणजे वर्ण हे आधी आवरण आणि मग रंग. लॅटिन ‘कोलोर’चंही तेच. तो लपवणे, झाकणे या अर्थाच्या धातूतून निघाला आणि पुढे इंग्रजीत ‘कलर’ झाला. दोन लांबच्या भाषांनी रंगाची कल्पना वरून घातलेल्या पांघरुणावरून केली. वार्निशचा ‘वर्ण’शी रक्ताचा संबंध नाही, पण स्वभाव जुळतो एवढं कबूल करायला हरकत नाही.

मग वेर्निक्स कुठला? त्याच्या मागे उत्तरकालीन ग्रीकमधलं ‘वेरेनिके’ आहे आणि वेरेनिकेच्या मागे ‘बेरेनिके’ नावाचं एक शहर, म्हणजे लिबियाच्या किनाऱ्यावरचं आजचं बेंगाझी. ही व्युत्पत्ती सर्वाधिक मानली जाणारी आहे. या किनाऱ्यावरून किंवा या शहराच्या नावाने राळेचा व्यापार होत असावा आणि मालाला बंदराचं नाव चिकटलं असावं. तसं होणं नवलाचं नाही. व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेला युरोपात ‘कोलोफनी’ म्हणतात, ती आशिया मायनरमधल्या कोलोफन शहरावरून. आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांची ‘कल्हई’ घ्या. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील, आणि ते नाव मलाया द्वीपकल्पातल्या ‘कलह’ नावाच्या बंदरावरून पडलं असं बहुतेक मानतात. वस्तूवर जो थर द्यायचा त्याचं नाव गावावरून पडतं, कारण थराचा माल दुरून येतो. लाकूड गावात मिळतं, राळ मिळत नाही.

बेरेनिके शहराला ते नाव मिळालं एका राणीमुळे. ही दुसरी बेरेनिके, इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याची बायको. इसवी सनापूर्वी २४६ च्या सुमाराला राजा सीरियाच्या लढाईवर निघाला, तेव्हा तो सुखरूप परतला तर आपले केस देवीला वाहीन असा नवस तिने केला. राजा परतला, केस वाहिले, आणि देवळातून ते नाहीसे झाले. दरबारचा ज्योतिषी कोनॉन याने प्रसंग सावरला. केस आता आकाशात आहेत, असं सांगून त्याने ताऱ्यांचा एक पुंजका दाखवला. कवी कॅलिमॅकसने त्यावर कविता लिहिली आणि गोष्ट अजरामर झाली. इंग्रजी नकाशात तो तारकासमूह आजही ‘कोमा बेरेनिसेस’ आहे. मराठी आकाशनिरीक्षक त्यालाच ‘अरुंधती केश’ म्हणतात. ज्याने कोणी हे नाव दिलं त्याने फार मार्मिक काम केलं. केस ठेवले, बाई बदलली, आणि बदलून आणली तीही पतिव्रताच. वार्निशच्या मधासारख्या सोनेरी रंगामुळे त्याला थेट राणीच्या केसांवरून नाव मिळालं, अशी एक कल्पनाही युरोपात कुणी कुणी मांडलेली आहे. मला ती केस देवळातून आकाशात गेल्याइतकीच खरी वाटते.

राणीच्या नावाची फोड मात्र खरोखर रंजक आहे. मूळ ग्रीक नाव ‘फेरेनिके’, विजय आणणारी. मॅसिडोनियाच्या बोलीत ‘फ’च्या जागी ‘ब’ येतो, म्हणून बेरेनिके. ‘निके’ म्हणजे विजय. बुटांवर जी ‘नायकी’ छापलेली असते ती हीच देवता. आणि ‘फेरो’, म्हणजे मी वाहून नेतो, हा संस्कृत ‘भरति’चा सख्खा भाऊ. आपला ‘भार’ त्यातलाच. म्हणजे वार्निशमध्ये संस्कृत शोधायचंच असेल तर ते ‘वर्ण’मध्ये न शोधता ‘भार’मध्ये शोधावं. याच बेरेनिकेचं ख्रिस्ती जगात ‘वेरोनिका’ झालं. वसईतली किंवा मडगावातली एखादी वेरोनिका आणि रंगवाल्याच्या फळीवरचा डबा ही नामबंधू-भगिनी आहेत, हे दोघांनाही ठाऊक नसतं.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. बेरेनिके नावाचं आणखी एक बंदर होतं, तांबड्या समुद्राच्या इजिप्तकडच्या काठावर. ते दुसऱ्या टॉलेमीने आपल्या आईच्या नावाने वसवलं. त्याचा वार्निशशी संबंध नाही, पण आपल्याशी आहे. तिथल्या उत्खननात सेरापिसच्या देवळात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, आणि सागवान सापडलं. जहाजांच्या मोडतोडीतलं लाकूड लोकांनी घराच्या भिंतींत वापरलेलं होतं. साग भूमध्य समुद्राकडे उगवत नाही, तो इथूनच गेला. इंग्रजी ‘टीक’ हा पोर्तुगीजांमार्फत मलयाळम ‘तेक्कु’चा झालेला अवतार, अरबी ‘साज’ हा आपल्या ‘शाक’ किंवा ‘साग’चा. लाकूड इथून तिकडे गेलं आणि त्यावर चढवायचा थर, निदान शब्द म्हणून, तिकडून इकडे आला.

आता डब्याच्या आत काय असतं ते पाहू, कारण पुढचे शब्द तिथेच आहेत. पारंपरिक वार्निश म्हणजे तीन गोष्टी: वाळणारं तेल, त्यात उकळून विरघळवलेली राळ, आणि पातळ करायला टर्पेंटाइन. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या युरोपीय साधूने कारागिरीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जवसाच्या तेलात ‘फोर्निस’ नावाची राळ शिजवण्याची कृती आहे. आजच्या डब्याचा आजा तो.

तेलाचा शब्द आपल्याकडे फारसीतून आला: रोगण. मराठीत रोगण म्हणजे थेट वार्निश, पण फारसीत ‘रौगन’ म्हणजे नुसतं तेल किंवा तूप. हकिमाच्या दुकानातलं ‘रोगन बदाम’ म्हणजे बदामाचं तेल. हॉटेलातल्या ‘रोगनजोश’मधला रोगन हाच, असं पुष्कळ लोक मानतात. कच्छमधल्या निरोणा गावची रोगन कलाही एरंडेल उकळून घट्ट केलेल्या रंगाची आहे. फारसी कारागिराने पदार्थाला त्याच्या तेलावरून नाव दिलं, ग्रीक-लॅटिन कारागिराने राळेवरून. एकाच कढईत दोघांनी दोन बाजूंनी पाहिलं. मराठीत दोन्ही नावं आली आणि आपण ती समानार्थी करून टाकली.

या तेलाबाबत आपण म्हणतो ‘वार्निश वाळलं’. टर्पेंटाइन उडून जातं हे खरं, पण जवसाचं तेल वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून जाळीसारखं जुळतं आणि घट्ट होतं. त्याच्यातून काही निघून जाण्याऐवजी त्याच्यात काहीतरी येतं, इतकं की तेलाचं वजन वाढतं. या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो, आणि घेतल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. चिंध्या पसरून वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. ही सूचना शब्दचर्चेत बसत नाही, पण लाक्षागृहाच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला ती सांगायलाच हवी.

राळ हा शब्द मात्र अस्सल इकडचा, संस्कृत ‘राल’, मुख्यतः सालवृक्षाचा वाळलेला चीक. मराठीत तिने लाकडापेक्षा जास्त नाव कमावलं ते रंगभूमीवर. दशावतारात किंवा जुन्या पौराणिक नाटकात राक्षस येताना मशालीवर राळेची पूड फेकत, भडका उडे, धूर होई, आणि त्या धुरातून राक्षस प्रकट होई. वर्तमानपत्रांत आजही ‘आरोपांची राळ’ उडते. उडवणाऱ्यांना पुढचा प्रवेश कोणाचा असायचा हे आठवत नसावं. मलायी भाषेत ‘दामर’ म्हणजे राळ, आणि दामर म्हणजे मशालही. झाडाचा चीक आणि आगीचा लोळ यांची सांगड त्यांनीही घातली होती. हाच दामर जहाजांच्या फटी बुजवण्याचा माल म्हणून हिंदी महासागरभर फिरला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो ‘डॅमर’ म्हणून नोंदलेला आहे. हिंदीत तो डामर झाला, आपल्याकडे डांबर. चित्रकार तैलचित्रावर ज्या नितळ ‘दमार’ वार्निशचा हात देतात ते आणि सडकेवरचं काळं डांबर हे शब्द म्हणून एकच. पुढे कोळशापासून निघणारा काळा पदार्थही डांबर झाला, आणि त्यातून काढलेल्या नॅफ्थलिनच्या गोळ्या डांबरगोळ्या. कपाटातली ती गोळी पांढरीशुभ्र असते याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

तिसरी राळ म्हणजे चंद्रस. सुताराच्या जुन्या पॉलिशमध्ये लाख, स्पिरिट आणि चिमूटभर चंद्रस असायचा. व्यापारातला चंद्रस बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून, झांझिबारकडून येई. जिथलं जंगल केव्हाच नाहीसं झालं अशा जमिनीतून तो खणून काढत. इंग्रजीत त्याला ‘कोपल’ म्हणतात आणि हा शब्द मेक्सिकोतल्या नहुआत्ल लोकांचा, त्यांच्या धुपाचा. आफ्रिकेची राळ, नाव मेक्सिकोचं, वखार मुंबईची. आपलं ‘चंद्रस’ हे नाव फारसी-अरबी ‘संदरूस’चं असावं. त्यात चंद्र नंतर शिरला असावा, कारण राळेचा खडा उजेडाकडे धरला की चंद्र आठवावा इतका पिवळा दिसतो. अशा वेळी व्युत्पत्ती चुकवणाऱ्या माणसाचे डोळे उत्तम असतात.

आता लाख. थरांच्या जगाला आपण दिलेला हा सगळ्यात मोठा शब्द. संस्कृत लाक्षा, प्राकृत लक्खा, तिथून फारसी ‘लाक’, अरबी ‘लक्क’, पोर्तुगीज ‘लाक्रे’ आणि इंग्रजी ‘लॅकर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण आणि सोपारा येतात. त्याच पुस्तकात तांबड्या समुद्रावरच्या अडुलिस बंदरात ‘अरिआके’हून, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या मुलुखातून येणाऱ्या मालाच्या यादीत रंगाची लाख आहे: ‘लाक्कोस’. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर शब्दही चढवला गेला.

गंमत अशी की जगाला इतका आवडलेला हा पदार्थ होडीला मात्र चालत नाही. लाखेचं पॉलिश फर्निचरला तलम असतं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर ते शोभतं. पण त्यावर ओला पेला ठेवला तर पांढरं वर्तुळ उमटतं. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला ते कसं पुरणार? चीन-जपानची ‘लॅकर’ पाणी सोसते, पण तिच्यात लाख नसतेच. ती उरुशी झाडाचा चीक. युरोपीयांनी चकाकी पाहिली आणि आमच्या लाखेच्या किड्याचं नाव त्यांच्या झाडाला देऊन टाकलं. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. कोकणातल्या ज्या माणसाच्या ओठाला आंब्याचा चीक उततो, त्याला उरुशीही उतण्याची शक्यता मोठी, कारण द्रव्यं एकमेकांच्या जवळची आहेत. काजूच्या टरफलाचं तेल होडीला का चालतं, याचंही उत्तर याच कुळात आहे.

होडीला जे चालतं त्याला खलाशी ‘स्पार वार्निश’ म्हणतात. स्पार म्हणजे डोलकाठी, परभाण, शिडाला धरणारे वासे. हे वासे वाऱ्याबरोबर वाकतात, म्हणून त्यांच्यावरचा थरही वाकायला हवा. टेबलाचं कडक वार्निश तिथे तडकतं, तड्यातून पाणी शिरतं, लाकूड काळं पडतं, आणि पापुद्रे सुटतात. त्यामुळे यात राळ कमी आणि तेल जास्त. तेलही पुष्कळदा चीनचं तुंग, जे जवसाच्या तेलापेक्षा पाण्याला कमी दाद देतं. आजच्या डब्यात ऊन अडवणारी द्रव्यंही घालतात. होडीच्या वार्निशचा खरा वैरी पाणी नसून ऊन आहे. हौशी कॅनूवाले होडीवर काचकापड आणि इपॉक्सी चढवतात, त्यालाही वरून वार्निश लागतंच, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

लावण्याच्या कामात मराठीचे स्वतःचे शब्द भरभरून आहेत. इंग्रज थराला ‘कोट’ म्हणतो, अंगरखा. मराठी रंगारी म्हणतो ‘हात’. पहिला हात, दुसरा हात, ‘अजून एक हात मारा’. मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण थराचा दर्जा डब्यावर कमी आणि हातावर जास्त अवलंबून असतो. कोट मात्र आपल्याकडेही दुसऱ्या रूपात आला: पहिल्या थराला आपण ‘अस्तर’ म्हणतो, आणि अस्तर हे फारसीत कपड्याच्या आतलं कापडच. वार्निशचं अस्तर निम्मं थिनर घालून पातळ करतात, म्हणजे ते लाकडात मुरतं. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून आधी तो थिनरने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर हात धरत नाही. मग हळूहळू दाट करत सहा-सात हात. दोन हातांच्या मध्ये २२० आणि पुढे ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. तेव्हा आदल्या दिवशीची सगळी चमक जाते आणि होडी ताकासारखी पांढुरकी दिसते. नवख्या माणसाचं काळीज इथे तुटतं.

डबा हलवायचा नाही. रंगाचा डबा ढवळायचा असतो, वार्निशचा ढवळला की फुगे धरतात आणि ते फुगे वाळून खड्डे होतात. ओतून घ्यायचं, फडक्यातून गाळायचं. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची. दव वाळल्यावर सुरू करायचं आणि उन्हं उतरायच्या आत थांबायचं, कारण संध्याकाळचं दव ओल्या थरावर बसलं की चकाकी मरते. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये. ब्रश आधी आडवा फिरवून माल पसरायचा, मग नुसत्या टोकांनी, वजन न देता, लांबीच्या दिशेने एकदा. फार फिरवलं की ब्रशच्या रेघा राहतात, माल जास्त झाला की उभ्या बाजूवर ओघळ येतात.

शेवटी जी येते ती झिलई. कोशकार मोल्सवर्थच्या काळी जिल्हईही म्हणत. अरबी ‘जिला’, म्हणजे घासून उजळ करणे. याच धातूतून ‘जलवा’ निघाला. नवरीचा चेहरा उघड करण्याचा समारंभ हा त्याचा एक जुना अर्थ. झाकल्यावर उघडं पडणारं लाकूड पाहिलं, की ही दोन नावं एका घरातली असावीत हे पटतं.

इंग्रज खलाशांच्या दोन शब्दांबद्दल सांगायचं राहिलं. त्यांच्या बोलीत फळ्यांच्या फटीत गरम राळ ओतण्याला ‘पे’ करणे म्हणत. त्याचा पगाराशी काही संबंध नाही. पगाराचा ‘पे’ लॅटिनमधल्या शांत करणे या अर्थाच्या शब्दातून आला, कारण पैसे मिळाले की धनको शांत होतो. राळेचा ‘पे’ लॅटिन ‘पिक्स’मधून, म्हणजे राळ किंवा डांबर. दोन अनोळखी शब्द फ्रेंचमधून जाताना एकसारखे होऊन बाहेर आले. आणि राळ देताना राहून गेलेल्या जागेला म्हणत ‘हॉलिडे’. फ्रान्सिस ग्रोझने १७८५ मध्ये बाजारू इंग्रजीचा कोश केला, त्यात जहाजाच्या तळाचा असा सुटलेला भाग या अर्थाने तो नोंदलेला आहे. वार्निशवाले आजही तोच शब्द वापरतात. हात आरपार असल्यामुळे सुटलेली जागा समोरून दिसत नाही. ती पाहायची तर दिवा एका बाजूला धरून, डोळे होडीच्या अंगाशी जवळजवळ टेकवून, तिरक्या उजेडात कोरडा ठिपका शोधावा लागतो. थर ओला असेपर्यंतच तो भरून काढता येतो. नंतर सापडला तर पुढच्या हातापर्यंत त्याला हात लावायचा नाही.